मुलांसह महिनोन्महिने प्रवास: बुकिंग कशावरून आणि कुठून करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलांना घेऊन तीन महिने, सहा महिने किंवा वर्षभर फिरायला निघणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्न जमेल तितके विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवलेत. सोपे आधी, किचकट नंतर. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे फक्त क्रमांक दिला आहे.

१. विमान, राहणं, गाडी सगळं एकाच ठिकाणी होईल असं एकच अ‍ॅप सांगाल का?

अशी अ‍ॅप आहेत, आणि आठवड्याच्या सुट्टीला ती पुरतात. लांबच्या प्रवासात मात्र सगळं एका गाठोड्यात बांधलं की एक धागा ओढताना बाकीचे आवळतात. मुलाला ताप आला, विमान पुढे ढकललं, आणि त्याच पॅकेजमधलं हॉटेल बदलताच येईना, असं होतं. बुकिंगची तीन कामं वेगळी धरा: शोधणं, विकत घेणं आणि घेतलेलं सांभाळणं. तिन्हींची साधनं वेगळी असतात. साधन निवडताना आम्ही दरापेक्षा दोन गोष्टी आधी बघतो: हे बदलता येईल का, आणि अडचण आली तर फोन कोण उचलेल.

२. गूगल फ्लाइट्स, स्कायस्कॅनर, कयाक, एक्सपीडिया यांत नेमका फरक काय?

गूगल फ्लाइट्स, स्कायस्कॅनर आणि कयाक ही मुख्यतः शोधायची ठिकाणं. दर दाखवतात आणि पैसे भरायला विमान कंपनीकडे किंवा एखाद्या एजंटकडे पाठवतात. एक्सपीडिया स्वतः पैसे घेते, म्हणजे ती एजंट.

तारखा पुढेमागे करून दर बघायला गूगल फ्लाइट्सचं कॅलेंडर सगळ्यांत झटपट. त्यामागे आयटीए सॉफ्टवेअर या कंपनीचं काम आहे. गूगलने ती २०११ मध्ये विकत घेतली. याच आयटीएचं ‘मॅट्रिक्स’ नावाचं रुक्ष दिसणारं पान अजून चालू आहे. तिथे तिकीट विकत मिळत नाही, पण दोन विमानांमध्ये किमान इतका वेळ हवाच, अशा अटी घालता येतात. लहान मुलं आणि दोन बाबागाड्या घेऊन पन्नास मिनिटांत टर्मिनल बदलून बघितलेल्या कुणालाही त्याची किंमत कळेल. जायचं कुठे हेच ठरलेलं नसेल तर स्कायस्कॅनर उघडा. ‘कुठेही’ आणि ‘पूर्ण महिना’ असा शोध त्यात घेता येतो.

एक गोष्ट ध्यानात असू द्या: दुकानं पुष्कळ, मालक थोडे. बुकिंग डॉट कॉम, अगोडा, प्राइसलाइन आणि कयाक एकाच समूहाचे. एक्सपीडिया, हॉटेल्स डॉट कॉम आणि व्हर्बो दुसऱ्या समूहाचे. स्कायस्कॅनर २०१६ पासून ट्रिप डॉट कॉम समूहात आहे. त्यामुळे पाच टॅब उघडून दर ताडून पाहिले तरी पुष्कळदा आपण दोनच घरांत डोकावलेलो असतो.

३. एजंट साइटवर तिकीट स्वस्त दिसतं. तरी विमान कंपनीकडूनच घ्यायचं?

फरक किरकोळ असेल तर हो. एजंटकडून घेतलेल्या तिकिटाचे बदल आणि परतावे एजंटच्याच हातात राहतात, आणि विमानतळावरचा माणूस “तुमच्या एजंटशी बोला” म्हणून मोकळा होतो. सात-आठ महिने आधी काढलेल्या तिकिटाची वेळ मधल्या काळात बदलणं अगदी नेहमीचं आहे, आणि तो निरोप पुष्कळदा एजंटकडेच जातो. आमचं एक सकाळचं विमान आदल्या रात्रीवर सरकलं होतं. मी सहज कंपनीच्या साइटवर डोकावले म्हणून कळलं. एजंटकडून एक ओळही आली नव्हती.

एजंटकडून घेतलंच असेल तर त्याच दिवशी तीन कामं करा. विमान कंपनीचा सहा अक्षरांचा पीएनआर मिळवा (एजंटचा बुकिंग क्रमांक बहुधा वेगळा असतो). तो कंपनीच्या साइटवर उघडून आपला ईमेल आणि फोन टाका. आणि प्रत्येकाच्या नावापुढे १३ अंकी ई-तिकीट क्रमांक आहे का बघा, मांडीवरच्या बाळाच्या नावापुढेही. पीएनआर आहे पण तिकीट क्रमांक नाही, याचा अर्थ जागा धरली आहे, तिकीट अजून निघालेलं नाही.

अपवाद आहे. तीन-चार कंपन्यांची विमानं एका तिकिटात गुंफायची असतील तर फोन उचलणारा, हाडामांसाचा एजंट त्याच्या शुल्काचा पै न पै वसूल करून देतो.

४. एकाचं तिकीट शोधलं की दर कमी, चौघांचं शोधलं की माणशी जास्त. साइट आपल्याला ओळखून दर वाढवते का?

नाही, आणि ब्राउझरची गुप्त (इनकॉग्निटो) खिडकी उघडूनही हा फरक जात नाही. एकाच विमानातल्या जागा वेगवेगळ्या दरांच्या टप्प्यांत विकायला ठेवलेल्या असतात. सगळ्यांत स्वस्त टप्प्यात तीनच जागा उरल्या असतील आणि तुम्ही चार मागितल्या, तर साधारणतः चारही जागा पुढच्या, महाग टप्प्यातून दाखवल्या जातात.

म्हणून आधी एकाचा दर बघा, मग सगळ्यांचा. फरक असेल तर दोन-दोन किंवा तीन-एक करून बघा. मात्र पीएनआर दोन झाले की संगणकाच्या लेखी तुम्ही दोन अनोळखी टोळ्या. विमान रद्द झालं तर एक टोळी आजच्या विमानात आणि दुसरी उद्याच्या, असंही होऊ शकतं. प्रत्येक पीएनआरमध्ये एक मोठं माणूस हवंच. कंपनीला फोन करून दोन्ही बुकिंगवर एकमेकांची नोंद घालायला सांगा. त्याने मदत होते, हमी मिळत नाही. आम्ही तिकिटं अशी फोडतो ती फक्त छोट्या, थेट विमानांसाठी.

५. किती आधी बुकिंग करावं?

बहुतेक मोठ्या विमान कंपन्या साधारण अकरा महिने आधी विक्री उघडतात, पण तेव्हा घेतलंच पाहिजे असं नाही. लांबच्या प्रवासात पहिले चार-सहा आठवडे पक्के करावेत आणि पुढचं सैल ठेवावं. शाळांच्या मोठ्या सुट्ट्या आणि रात्रीच्या रेल्वेतले डबे एवढे याला अपवाद, ते लवकर संपतात. पहिल्या मुक्कामाचं बुकिंग मात्र रद्द करता येईल असंच घ्या. निघण्याच्या आदल्या आठवड्यात आजारी पडण्याची मुलांची हातोटी विलक्षण असते.

६. बाळ प्रवासातच दोन वर्षांचं होणार आहे. तिकीट कोणतं काढायचं?

दोन वर्षांखालचं मूल मांडीवर बसतं, आणि आंतरराष्ट्रीय विमानांत त्याचं तिकीट बहुधा मोठ्यांच्या दराच्या १० टक्क्यांच्या आसपास अधिक कर, असं पडतं. वय मोजतात ते त्या त्या विमानाच्या दिवशी. बुकिंग कधी केलं याला महत्त्व नाही. वाढदिवसानंतरच्या प्रत्येक विमानात त्याला स्वतःची जागा लागते.

बहुतेक साइटना जाताना बाळ आणि येताना मूल हे गणितच जमत नाही. त्यामुळे एकतर दोन्ही बाजूंना मुलाचं तिकीट घ्या, किंवा जाणं-येणं वेगवेगळं काढा, किंवा कंपनीला फोन करा. आम्ही तिसरा मार्ग धरला आणि पाऊण तास ताटकळलो, पण तिकीट बिनचूक निघालं.

भिंतीला अडकवायचा पाळणा एजंट साइटवरून मागता येत नाही. तो कंपनीकडेच मागायचा, आणि लवकर. विमानात ते मोजकेच असतात. त्याला वजनाची मर्यादा असते, बहुधा १० ते ११ किलोच्या आसपास. नऊ महिन्यांचं गुटगुटीत बाळ त्यात मावेलच असं नाही.

७. मुलं आमच्या शेजारीच बसतील याची खात्री कशी करायची?

सगळ्यांत स्वस्त भाड्यात बहुधा जागा निवडता येत नाही. चेक-इन करताना मिळेल ती. म्हणून दर ताडताना जागेचे आणि सामानाचे पैसे मिळवूनच ताडा. स्वस्त विमान कंपन्यांकडे सामान बुकिंग करतानाच घालावं, विमानतळावर तेच पुष्कळ महाग पडतं. अमेरिकेच्या परिवहन खात्याने २०२३ पासून एक तक्ता सार्वजनिक केला आहे: १३ वर्षांपर्यंतच्या मुलाला सोबतच्या मोठ्या माणसाशेजारी जादा पैसे न घेता बसवण्याची लेखी हमी तिथल्या कोणत्या कंपन्या देतात, हे त्यात दिसतं. इतरत्र त्या त्या कंपनीचा नियम वाचावा लागतो.

८. दोन वेगवेगळी तिकिटं जोडून घेतली तर बरेच पैसे वाचतात. मुलं सोबत असताना करावं का?

मध्ये एक रात्र ठेवणार असाल तर करा. वेगळ्या तिकिटावर पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसऱ्या कंपनीला तुमच्याशी काही देणंघेणं नसतं. मधल्या देशात सामान उचलून, इमिग्रेशन ओलांडून पुन्हा चेक-इन करावं लागू शकतं, म्हणजे तिथल्या व्हिसाचाही प्रश्न आला. किवी डॉट कॉमसारख्या साइट अशी जोड-तिकिटं विकतात. त्यावर हमी मिळाली तरी ती साइटची असते, विमान कंपनी तिला बांधील नसते.

एकाच बुकिंगचा फायदा युरोपात आकड्यांत दिसतो. युरोपियन युनियनच्या २६१/२००४ या नियमानुसार, कंपनीच्या चुकीमुळे शेवटच्या ठिकाणी तीन तास किंवा अधिक उशीर झाला तर अंतराप्रमाणे माणशी २५० ते ६०० युरो भरपाई मिळू शकते. एका बुकिंगमधलं जोडविमान चुकलं तर उशीर शेवटच्या मुक्कामाला मोजतात. वेगवेगळ्या तिकिटांना तो हिशेब लागू होत नाही.

मधल्याच विमानतळावर उतरून पुढचं विमान सोडून देण्याची युक्ती सांगणारेही भेटतील. एक टप्पा सोडला की त्या तिकिटातले पुढचे सगळे टप्पे रद्द होतात आणि चेक-इन केलेलं सामान शेवटच्या गावाला जातं. कुटुंबासाठी हा विषय इथेच संपतो.

९. जगप्रदक्षिणेचं एकच तिकीट मिळतं म्हणे. घ्यावं का?

स्टार अलायन्स आणि वनवर्ल्ड या विमान कंपन्यांच्या संघांकडून ते मिळतं. मुदत जास्तीत जास्त एक वर्ष, दिशा एकच (पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे), अटलांटिक आणि पॅसिफिक एकेकदाच ओलांडायचे, आणि टप्पे साधारण १६ पर्यंत. तारखा बदलणं सोपं, मार्ग बदलणं खर्चाचं.

मार्ग ठरलेला असेल आणि लांब लांब उड्या असतील तर त्याची किंमत करून बघण्यासारखी आहे. पण “आवडलं तर महिनाभर राहू” अशा बेताने निघणार असाल तर एकेरी तिकिटं तुकड्यातुकड्यांनी घेतलेली बरी. मुलांबरोबर मार्ग बदलतोच, निदान आमचा तरी दोनदा बदलला.

१०. राहायला काय बघायचं, हॉटेलच्या साइट की एअरबीएनबी?

मुक्काम किती, त्यावर ठरवा. तीन-चार रात्रींना हॉटेल: रात्री उशिरा पोचलं तरी स्वागतकक्षात माणूस असतो आणि खोली नापसंत पडली तर दुसरी मिळू शकते. आठवड्याच्या वर गेलात की स्वयंपाकघर आणि कपडे धुण्याचं यंत्र असलेलं घर हवंच वाटू लागतं.

एअरबीएनबीवर दोन आकडे लक्षात ठेवायचे: ७ आणि २८. आठवड्याची सवलत सात रात्रींपासून, महिन्याची अठ्ठावीसपासून, अर्थात घरमालकाने ठेवली असेल तर. पंचवीस रात्री हव्या असतील तर अठ्ठावीस टाकून बघा. एकूण रक्कम कधीकधी कमीच येते. पण थांबा, अठ्ठावीसला रद्द करण्याचे नियमही पालटतात. लांब मुक्कामाच्या नेहमीच्या नियमात मुक्कामाच्या ३० दिवस आधीपर्यंत रद्द केलं तर पूर्ण पैसे परत, त्यानंतर पहिल्या ३० दिवसांचे पैसे गेले. मधेच सोडून जायचं ठरवलं तर पुढच्या ३० दिवसांचे जातात. म्हणजे सवलतीच्या मोबदल्यात तुम्ही बदलण्याची सोय विकता.

म्हणून अनोळखी शहरात आम्ही आधी पाच-सहा रात्रीच घेतो. शेजार, जिना, रस्त्याचा आवाज बघतो आणि मग मालकाला पुढच्या महिन्याचं विचारतो. कधी घर पुढे दिलेलं असतं आणि गाशा गुंडाळावा लागतो. तेही सोसलं आहे, पण न झेपणाऱ्या घरात महिना काढण्यापेक्षा बरं.

विचारायचे प्रश्न: इंटरनेटचा वेग मोजून किती येतो (काही मालक तो जाहिरातीतच देतात)? बाल्कनीचा कठडा किती उंच? लिफ्ट आहे की चौथा मजला चढायचा? वीज आणि खोली गरम ठेवण्याचा खर्च भाड्यात धरलाय का? आणि दाखवलेल्या पलंगांपैकी किती खरे, किती दिवाणखान्यातले सोफे?

११. मुलांची संख्या आणि वयं खरी भरली की खोलीच मिळत नाही. कमी दाखवू का?

नका दाखवू. खोलीत किती माणसं राहू शकतात हे बरेचदा आगीच्या नियमांवरून ठरलेलं असतं, आणि रात्री अकराला दारात पाच डोकी बघून स्वागतकक्षातला माणूस नकार देऊ शकतो. एअरबीएनबीवर दोन वर्षांखालचं बाळ पाहुण्यांच्या मोजणीत धरत नाहीत, तेवढी सूट कायदेशीर आहे.

दोन खोल्या घ्यायच्या तर शेजारच्या की आतून दार असलेल्या, हे नीट वाचा. आतल्या दाराच्या खोल्या बहुतेक हॉटेलांत ‘विनंती’ म्हणून नोंदवतात आणि पोचल्यावर नसतातही. हिल्टनने २०२१ पासून अशा खोल्या पक्क्या करून देण्याची सोय स्वतःच्या साइटवर केली. इतर ठिकाणी हॉटेलला थेट लिहून होकार लेखी घ्या.

१२. मालक म्हणतो, अ‍ॅपवरून नको, थेट पैसे पाठवा, स्वस्तात देतो.

घर पाहिलेलं नसेल तर नाही म्हणा. अ‍ॅपबाहेर पैसे दिले की तक्रार, परतावा, पर्यायी घर यांतलं काहीच उरत नाही, आणि ते अ‍ॅपच्या नियमांविरुद्धही असतं.

याचंच भावंड असलेली फसवणूक म्हणजे बुकिंग साइटच्या संदेशपेटीतच हॉटेलच्या नावाने निरोप येतो: “कार्ड पडताळून घ्या, नाहीतर बुकिंग रद्द होईल.” खाली दुवा असतो. हॉटेलचं खातंच चोरांच्या हाती गेलेलं असल्याने निरोप खऱ्या संभाषणात, खऱ्या तारखांसह दिसतो. दुव्यावर जाऊ नका. हॉटेलचा क्रमांक दुसरीकडून शोधून फोन करा.

१३. घरांची अदलाबदल किंवा हाउस सिटिंग मुलांसोबत जमतं का?

अदलाबदल उत्तम जमते, कारण समोरच्या घरातही बहुधा मुलं असतात. खेळणी आणि उंच खुर्ची आयतीच मिळते. १९९२ मध्ये सुरू झालेल्या होमएक्स्चेंजवर एकाच वेळी अदलाबदल करावी लागतेच असं नाही, गुण साठवून वापरता येतात.

हाउस सिटिंग म्हणजे कुणाचं घर आणि पाळीव प्राणी सांभाळण्याच्या बदल्यात राहणं. ट्रस्टेड हाउससिटर्ससारख्या साइटवर वार्षिक वर्गणी भरून ते मिळतं, पण कुटुंब चालेल म्हणणारी घरं थोडी. शिवाय काही देशांत पैसे न घेता केलेलं हे कामही ‘काम’च समजतात आणि पर्यटक व्हिसावर ते चालत नाही. निघण्याआधी तिथला नियम बघा.

१४. रेल्वे आणि बससाठी कोणतं साधन?

कसं जायचं हे कळायला रोमटूरिओ ही साइट. वेळा आणि दर मात्र तिथल्या ग्राह्य धरू नका. रेल्वेची खरी माहिती हवी तर मार्क स्मिथ हे २००१ पासून चालवत असलेली ‘सीट सिक्स्टी-वन’ ही साइट वाचा. कोणत्या डब्यात कुटुंबाला चौघांची खोली मिळते इथपर्यंत तपशील आहे. तिकीट शक्यतो रेल्वे कंपनीकडूनच घ्या. देशोदेशींच्या साइटवर कार्ड चालत नसेल तर ओमियोसारखा मध्यस्थ थोडं शुल्क घेऊन काम करतो.

युरोपचा पास (तिथे राहणाऱ्यांना इंटररेल, बाहेरच्यांना युरेल) कुटुंबाला लाभतो, कारण ४ ते ११ वर्षांची मुलं मोठ्या माणसासोबत फुकट, एकामागे दोन. त्यांचाही पास काढावा मात्र लागतो. चार वर्षांखाली पासही नको. गोम अशी की वेगवान आणि रात्रीच्या गाड्यांना आरक्षणाचे पैसे वेगळे पडतात, आणि ते मुलांनाही लागू होतात.

१५. भाड्याची गाडी आणि मुलांची खुर्ची?

दलाल-साइटवर घेतलेला जादा विमा त्या साइटचा असतो. गाडी ठोकली तर गाडीची कंपनी तुमच्या कार्डावरून पैसे कापते आणि मग तुम्ही साइटकडे दावा करायचा. अनामतीसाठी चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड मागतात; डेबिट कार्डावर अडलेले कितीतरी वाचक आहेत.

खुर्ची स्वतःची न्यायची तर मानक तपासा. युरोपात ‘आर १२९’ हे मानक चालतं (त्यात १५ महिन्यांपर्यंत बाळाने मागे तोंड करूनच बसायचं), अमेरिकेत वेगळं मानक आहे, आणि एकीकडची खुर्ची दुसरीकडे कायदेशीर ठरत नाही. दोन खंड फिरणार असाल तर दुसरीकडे नवी घेणंच सरळ.

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना १९४९ च्या करारानुसारचा असेल तर एक वर्षच चालतो, आणि जपान असा परवाना फक्त त्याच करारानुसारचा मानतो. वर्षाहून लांब प्रवासात तो वाटेतच संपतो.

१६. तिकीट घेताना ‘विमा हवा का’ अशी चौकट येते. तेवढा पुरे?

पुरत नाही. लांबच्या प्रवासात पहिला प्रश्न दिवसांचा: बऱ्याच वार्षिक पॉलिसी आणि कार्डासोबतचा फुकट विमा एका प्रवासाला ठरावीक दिवसच चालतो, पुष्कळदा ३० ते ९०. एक्क्याण्णवाव्या दिवशी तुम्ही उघडे. ‘दीर्घ मुक्काम’ प्रकारची पॉलिसी शोधा आणि तीन गोष्टी वाचा: घर सोडल्यानंतर मुदत वाढवता येते का, मधे घरी आलात तर पॉलिसी संपते का, आणि रुग्णाला विमानाने हलवण्याचा खर्च किती मिळतो.

१७. परदेशात असताना बँकेचा ओटीपीच येत नाही. मग बुकिंग करायचं कसं?

सगळ्यांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि लोकांच्या डोक्यात तो येतो तिसऱ्या आठवड्यात. घरचं सिम बंद करू नका. ते फोनमध्ये ठेवा, रोमिंगवर संदेश येतात का हे निघण्याआधी कंपनीकडून खात्री करून घ्या, आणि इंटरनेटसाठी वेगळं ई-सिम (कार्ड न घालता फोनमध्ये उतरवायचं सिम) टाका. जुना फोन ई-सिम घेत नसेल तर दोन सिमचा फोन घ्यायची हीच वेळ. जिथे चालेल तिथे ओटीपीऐवजी अ‍ॅपमधून मंजुरी किंवा ऑथेंटिकेटर (फोनमध्येच कोड तयार करणारं अ‍ॅप) लावा, आणि त्याचे राखीव कोड कागदावर उतरवून वेगळ्या बॅगेत ठेवा.

दोन बँकांची दोन कार्डं, दोघांच्या खिशात एकेक. सगळं बुकिंग एकाच्याच ईमेलवर आणि त्याचाच फोन चोरीला, अशा अवस्थेत एक कुटुंब माझ्या ओळखीत दोन दिवस अडकलं होतं. ती खाती दोघांनाही उघडता आली पाहिजेत.

पैसे भरताना यंत्र किंवा साइट “तुमच्या देशाच्या चलनात भरणार का?” असं विचारते. तिथलंच चलन निवडा. घरच्या चलनाचा दर विक्रेत्याकडचा असतो आणि जवळपास नेहमी वाईट.

१८. परतीचं तिकीट नाही म्हणून विमानात बसू देत नाहीत, हे खरं का?

खरं आहे. अनेक देश पुढच्या प्रवासाचा पुरावा मागतात, आणि तपासतो विमानतळावरचा कर्मचारी, कारण प्रवाशाला परत आणायची जबाबदारी कंपनीवर पडते. बनावट तिकीट करून देणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका. पूर्ण परतावा मिळणारं तिकीट घ्या किंवा शेजारच्या देशाची स्वस्त बस आरक्षित करा. अमेरिकेला जाणाऱ्या-येणाऱ्या विमानांचं तिकीट निघण्याच्या किमान सात दिवस आधी थेट कंपनीकडून घेतलं तर २४ तासांत फुकट रद्द करण्याची (किंवा तेवढा वेळ दर धरून ठेवण्याची) सोय द्यावी लागते.

याच्या उलट चूक जास्त महागात पडते. राहण्याच्या साइट तुम्हाला चार महिन्यांचं घर आनंदाने देतील. तुम्हाला तिथे चार महिने राहता येतं का हे त्यांचं काम नाही. शेंगेन देशांत (युरोपातले, आपापसांतल्या सीमांवर नेहमीची पासपोर्ट तपासणी नसलेले देश) व्हिसामुक्त किंवा अल्पमुदतीच्या व्हिसावर १८० पैकी ९० दिवस, सगळे देश मिळून, आणि मुलांचे दिवसही तसेच मोजतात. आधी दिवस मोजा, मग घर शोधा.

१९. मी एकटीच मुलांना घेऊन निघणार आहे आणि मुलांचं आडनाव वेगळं आहे. बुकिंगमध्ये काही खास?

बुकिंगमध्ये नावं पासपोर्टवर आहेत तशीच. लाडकी नावं आणि सवयीची संक्षिप्त रूपं नकोत. कागदांत दुसऱ्या पालकाचं संमतीपत्र आणि जन्मदाखल्याची प्रत, शक्यतो प्रमाणित. सीमेवर विचारतीलच असं नाही, पण विचारलं तर त्याच क्षणी हवं असतं. मुलांच्या पासपोर्टची मुदत पुष्कळ देशांत मोठ्यांपेक्षा कमी असते आणि कित्येक ठिकाणी पोचल्यावर सहा महिने शिल्लक लागतात. वर्षभराच्या प्रवासात आधी संपतो तो मुलांचाच.

२०. एवढी बुकिंग लक्षात कशी ठेवायची?

ट्रिपइट या अ‍ॅपला पुष्टीचे ईमेल पुढे पाठवले की ते आपोआप वेळापत्रक बनवतं. वँडरलॉग नकाशावर मांडतं. मी दोन्ही वापरून शेवटी साध्या तक्त्यावर आले. त्यातला सगळ्यांत महत्त्वाचा रकाना ‘फुकट रद्द करण्याची शेवटची वेळ’, आणि ती त्या गावच्या घड्याळाने लिहायची. मुदत बहुधा मुक्कामाच्या जागेच्या वेळेनुसार संपते. तुम्ही सात तास मागे असाल तर तुमची संध्याकाळ म्हणजे तिथली उलटलेली मध्यरात्र. प्रत्येक मुदतीच्या दोन दिवस आधी गजर लावा. पुष्टीपत्रांच्या पीडीएफ फोनमध्ये उतरवून ठेवा.

२१. विमान कंपन्या नेहमीच्या प्रवाशांना देतात त्या पॉइंट्सच्या मागे लागावं का?

मुलांची खाती उघडा, कुटुंबाचे पॉइंट एकत्र करू देणारी कंपनी असेल तर जोडा, आणि विसरून जा. पॉइंटसाठी मुलांना आडवळणाच्या विमानात बसवणं परवडत नाही.

२२. मूल अचानक आजारी पडलं आणि पुढचे तीन मुक्काम सरकवायचे आहेत. सुरुवात कुठून?

विमानापासून, आणि ते सुटायच्या आत. न कळवता विमान सोडलं तर पुढचे टप्पेही जातात (प्रश्न ८). मग मुक्काम, पण प्रवासाच्या क्रमाने न घेता रद्द करण्याची मुदत ज्याची आधी संपते तो आधी (प्रश्न २०). गाडी शेवटी. डॉक्टरकडून त्याच दिवसाच्या तारखेची, ‘प्रवास करू नये’ असं स्पष्ट लिहिलेली चिठ्ठी घ्या. चार दिवसांनी घेतलेली विमा कंपनी मानेलच असं नाही.

कारण वादळ, संप असं असेल तर उलट करा. घाईने आपणहून तिकीट रद्द करू नका. तुम्ही रद्द केलं तर भाड्याच्या अटी लागतात. कंपनीने रद्द केलं तर परताव्याचा हक्क बहुतेक ठिकाणी तुमचा. दर तासाला स्थिती बघत बसायचं. परताव्याऐवजी व्हाउचर देऊ केलं तर होकाराचं बटण दाबण्याआधी त्याची मुदत बघा, आणि ते पाचही जणांच्या नावाने निघालंय की फक्त बुकिंग करणाऱ्याच्या, तेही बघा.